पुदिना विभाग: फलकांच्या कामाची नोंदवही

३ फेब्रुवारी

औषधी वनस्पतींच्या बागेत पुदिन्याचा वेगळा कोपरा करायचं अखेर ठरलं. सहा कुंड्या, प्रत्येकीपुढे एक छोटा फलक आणि मागच्या भिंतीवर इतिहासाचा एक मोठा फलक. छोट्या फलकाला १२० शब्दांची मर्यादा. मजकूर माझ्याकडे, रोपं माळीकाकांकडे, औषधी दावे तपासायचं काम डॉक्टर मॅडमकडे.

कामाला हात घालण्याआधी पुदिन्याबद्दल सर्रास जे लिहिलं जातं ते एका कागदावर उतरवून काढलं. पचन सुधारतो, डोकेदुखी थांबवतो, नाक मोकळं करतो, मळमळ शमवतो, लोह भरून काढतो, तोंडाची दुर्गंधी घालवतो, संप्रेरकं ताळ्यावर आणतो, वजन उतरवतो, बुद्धी तल्लख करतो. यादी संपता संपेना. मॅडमनी कागद पाहिला आणि उजवीकडे चार रकाने आखले: कोणता पुदिना, कोणत्या रूपात, किती मात्रेत, किती माणसांवर पाहिलं. "चारही भरले तरच फलकावर जागा. नाहीतर वाचायला कितीही गोड वाटलं तरी काट मारायची," असं बजावून गेल्या.

पहिला रकानाच सगळ्यात जड जाणार, हे आत्ताच दिसतंय. बहुतेक ठिकाणी ‘पुदिना’ एवढंच लिहून मोकळे होतात. पान, चहा आणि तेल यांतला फरकही कुणी सांगायच्या भानगडीत पडत नाही.

७ फेब्रुवारी

रोपांची यादी झाली: वॉटरमिंट, पेपरमिंट, स्पिअरमिंट, अ‍ॅपलमिंट, जपानी पुदिना आणि पेनिरॉयल. मेंथा या प्रजातीत वीसेक जाती धरतात, पण कोण मोजतंय त्यावर आकडा हलतो. ही मंडळी आपसांत सहज संकर करतात, आणि एकदा झालेला संकर जमिनीखालून पळणाऱ्या खोडांच्या, म्हणजे सकरच्या, जोरावर वर्षानुवर्षं तग धरतो.

कुंड्यांचा क्रम मी मुद्दाम लावलाय. डावीकडे वॉटरमिंट, उजवीकडे स्पिअरमिंट, मध्ये पेपरमिंट. कारण मधलं हे त्या दोघांचं लेकरू. गुणसूत्रांचा हिशेबही चोख बसतो. वॉटरमिंटची ९६, स्पिअरमिंटची ४८. दोघांकडून निम्मी-निम्मी घेतली तर ४८ आणि २४, म्हणजे ७२. पेपरमिंटमध्ये साधारण तेवढीच सापडतात. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली त्याला मेंथा पिपरिटा असं नाव दिलं ते स्वतंत्र जात म्हणून.

संकर असल्यामुळे पेपरमिंटला बी जवळपास धरतच नाही. बियांची पाकिटं मागवायची का, असं काकांना विचारलं. ते हसले. "ताई, पाकिटावर पेपरमिंट छापलेलं असलं तरी उगवेल ते भलतंच. सकर मिळवा, नाहीतर शेंड्याकडची काडी. पेरापाशी आपोआप मुळ्या फुटतात."

१२ फेब्रुवारी

सकाळ भिंग घेऊन पानं बघण्यात गेली. पेपरमिंटचं पान उलटं करून दहापट भिंगाखाली धरलं, की बारीक लवेच्या मधेमधे पिवळसर, चकचकीत ठिपके दिसतात, कातडीवर फुटलेल्या घामाच्या थेंबांसारखे. तेलाचा सगळा साठा तिथेच असतो. प्रत्येक ठिपका म्हणजे एक ग्रंथी: तळाशी आठ पेशींची चकती, तिच्यावर फुगलेला पातळ पापुद्रा आणि मध्ये तेल. पान चुरडायचीही गरज नाही. नुसतं बोट फिरवलं तरी पापुद्रे फुटतात आणि वास बोटाला चिकटतो. वाळवताना पाला निष्काळजीपणे हाताळला तर तेल उडून जातं ते यामुळेच. चांगल्या वाळलेल्या पेपरमिंटच्या पानात ते टक्का ते तीन टक्के एवढंच असतं.

मग चावून पाहिलं. शेंड्याचं कोवळं पान उग्र लागतं, पण गारवा बेताचा. त्याच फांदीवरचं खालचं जून पान जिभेला थंडगार लागतं. कारण सरळ आहे. पान वाढत असताना ग्रंथीत आधी मेंथोन नावाचं द्रव्य साठतं, आणि पान पक्व होत जाईल तसं त्याचं गारवा देणारं मेंथॉल होत जातं. फूल यायच्या सुमारास कापणी करतात ती हाच हिशेब धरून.

शेजारच्या कुंडीतलं स्पिअरमिंटचं पान चावलं. वास पुदिन्याचाच, गोडसर, पण गारवा नाही म्हटलं तरी चालेल. त्याच्या तेलात मेंथॉल अगदी नाममात्र. तिथे राज्य कार्व्होन नावाच्या दुसऱ्या सुगंधी द्रव्याचं. गंमत म्हणजे शेपूच्या बियांच्या तेलातही कार्व्होनच असतं. रेणू तोच, फक्त रचना उलटी, उजव्या-डाव्या हातासारखी. नाकाला मात्र दोन्ही वास पूर्ण वेगळे कळतात. हे स्पिअरमिंटच्या फलकावर पहिल्या ओळीत जाणार. ज्या पानात मेंथॉलच नाही त्याच्या नावावर मेंथॉलचे गुण खपवायचे, हा घोळ तिथेच मिटवलेला बरा.

२० फेब्रुवारी

इतिहासाचा फलक सुरू. ग्रीकांपासून सुरुवात करणं सोपं, कारण गोष्ट तयारच आहे. पाताळाचा राजा हेडीस मिंथे नावाच्या अप्सरेवर भाळला, राणी पर्सेफोनीने तिला पायदळी तुडवलं आणि तिचा पुदिना झाला. तुडवल्यावर जास्तच वास सुटणाऱ्या झाडाला शोभेशीच कथा आहे. स्ट्रॅबो हा भूगोलकार तर पायलॉसजवळच्या एका डोंगराला मिंथेचं नाव असल्याचं सांगतो.

ग्रीसमधल्या एल्युसिसच्या गुप्त धार्मिक विधीत उपासक जे पेय घ्यायचे त्यात सातूचं पीठ, पाणी आणि पुदिना असे. फलकासाठी सुरेख तपशील. पण मॅडमचा पहिला रकाना इथेही आडवा येतो. तो पुदिना होता पेनिरॉयल, म्हणजे आपल्या सहाव्या कुंडीतला. त्याचं प्रकरण पुढे येईलच.

बायबलमधल्या शुभवर्तमानात येशू परूशांना, म्हणजे कर्मठ ज्यू पंथीयांना, सुनावतो, की तुम्ही पुदिना, शेपू आणि जिऱ्याचाही दशमांश मोजून देता आणि न्याय-दया विसरता. म्हणजे परसातल्या पुदिन्याच्या काड्याही कराच्या हिशेबात धरण्याइतकं ते झाड तेव्हा रुळलेलं होतं. मला हा पुरावा कुठल्याही दंतकथेपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

रोमन लेखक प्लिनी लिहितो, की दुधात पुदिना टाकला तर दूध फाटत नाही. काकांना राहवलं नाही. दोन पेल्यांत दूध, एकात ठेचलेली पानं, दोन्हींत थोडं आम्ल. दूध फाटायचं ते दोन्हीकडे फाटलंच. प्लिनी फलकावर राहील, दूध राहणार नाही.

एक गोष्ट मात्र आजच काढून टाकली. पिरॅमिडमध्ये पेपरमिंटची पानं सापडली, हे वाक्य जिथेतिथे दिसतं. पेपरमिंटची पहिली खात्रीची लेखी नोंद १७व्या शतकाच्या अखेरची. हजारो वर्षांपूर्वीच्या वाळक्या पाल्यावर हे नाव डकवणं म्हणजे बादरायण संबंध.

२६ फेब्रुवारी

मध्ययुग दोन ओळींत आटोपलं. इ. स. ८००च्या सुमारास शार्लमेन या युरोपातल्या बलाढ्य राजाच्या दरबाराने राजाच्या मळ्यांत काय काय लावावं याची यादी काढली, तिच्यात पुदिना आहे. त्याच शतकात सांक्ट गालेनच्या मठाचा जो नकाशा आखला गेला, त्यातल्या औषधी वाफ्यांतही आहे. आणि रायशेनाउ मठाचा प्रमुख वालाफ्रिड स्ट्राबो याने बागेवरच्या कवितेत हात टेकले आहेत: पुदिन्याचे सगळे प्रकार ज्याला मोजता येतील, त्याने तांबड्या समुद्रातले मासेही मोजून दाखवावेत, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणतो. अकराशे वर्षांपूर्वीच पहिल्या रकान्याची ही रड होती तर!

चीनमध्ये ७व्या शतकात, तांग राजवटीत तयार झालेल्या औषधकोशात तिथल्या पुदिन्याची नोंद झाली. तो पुन्हा वेगळा, आपल्या पाचव्या कुंडीतल्या जपानी पुदिन्याचा जवळचा नातलग.

५ मार्च

इतिहासाच्या फलकावर सगळ्यात जास्त जागा आजच्या गोष्टीला देणार, मग मिंथे थोडी आक्रसली तरी चालेल.

१६९६ साली जॉन रे या इंग्लिश निसर्गअभ्यासकाने हर्टफर्डशरमधून आलेल्या एका झणझणीत चवीच्या पुदिन्याची नोंद केली. तो पेपरमिंट. १७२१ साली तो लंडनच्या औषधकोशात शिरला. आज लंडनमध्येच सामावलेलं मिचम तेव्हा शहराच्या दक्षिणेला एक गाव होतं. १८व्या शतकाच्या मध्यावर तिथे त्याची लागवड थोड्याच एकरांत होती, शतक संपता संपता ती शंभर एकरांवर गेली. तिथूनच ‘ब्लॅक मिचम’ हे वाण जगभर पसरलं. अमेरिकेत पेपरमिंटचे मळे आधी न्यूयॉर्क राज्यात आणि मग मिशिगनमध्ये उभे राहिले. कलामझूच्या अल्बर्ट टॉड याने तेलातली भेसळ पकडण्याच्या पद्धती बसवल्या, शुद्ध तेलाच्या जोरावर व्यापार वाढवला, लोकांनी त्याला ‘पेपरमिंटचा राजा’ म्हटलं आणि १८९७ ते १८९९ तो अमेरिकी काँग्रेसमध्येही बसून आला.

मग आला मर रोग. व्हर्टिसिलियम नावाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते, मुळांतून शिरते, झाड उभ्याउभ्या सुकतं. १९२०च्या दशकापासून मिशिगनचे मळे तिच्या तडाख्यात सापडले. इथे ७ फेब्रुवारीची नोंद पुन्हा वाचायला हवी. बी नाही, सगळी लागवड सकरवर, म्हणजे मैलोन्मैल पसरलेलं सगळं पीक वंशाने एकच झाड. एकाला जे बाधतं ते सगळ्यांना बाधतं. आणि दुसऱ्या पिकांत रोग आला तर रोगाला दाद न देणाऱ्या भावंडाशी संकर करून नवं वाण काढतात. इथे तीही वाट बंद. लागवड पश्चिमेला ऑरेगन-वॉशिंग्टनकडे सरकत गेली.

१९५०च्या दशकात टॉडच्या कंपनीने वेगळाच घाट घातला. अमेरिकेतल्या ब्रूकहेव्हनच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत पेपरमिंटच्या सकरवर क्ष-किरण आणि न्यूट्रॉनचा मारा करायचा, ती रोगट जमिनीत मुद्दाम लावायची, जी मरतील ती मरू द्यायची आणि जी तगतील त्यांच्यातून तेलाचा वास-चव न बिघडलेली निवडायची. या चाळणीतून ‘टॉड्स मिचम’ आणि ‘मरे मिचम’ ही वाणं १९७०च्या दशकात शेतकऱ्यांपर्यंत पोचली. पानाच्या गारव्यासाठी अणुभट्टीची मदत घ्यावी लागली, हे किती जणांना ठाऊक असेल?

काका शांतपणे ऐकत होते. "म्हणजे आपण कुंडीत लावलंय ते रेबुवांनी पाहिलेलंच झाड," एवढंच म्हणाले. फलकाचं शीर्षक हेच ठेवावं असं वाटतंय.

११ मार्च

मेंथॉलचा रकाना. १७७१ साली नेदरलँड्समधल्या लायडनच्या गॉबियस या वैद्याने पेपरमिंटच्या तेलातून मेंथॉलचे स्फटिक वेगळे केले. पण स्फटिक काढायला पेपरमिंट हे खरं झाड नव्हेच. त्याच्या तेलात मेंथॉल ३० ते ५५ टक्के. जपानी पुदिन्याच्या तेलात ते ७० टक्क्यांच्या वर जातं. तेल थंड केलं की स्फटिक आपोआप खाली बसतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपानच्या होक्काइदो बेटावरच्या कितामी भागातून जगातला सुमारे ७० टक्के पुरवठा होत होता. युद्धात ती घडी विस्कटली, ब्राझील पुढे आला, आणि नंतर भारत. आज नैसर्गिक मेंथॉलचा सर्वांत मोठा पुरवठादार तोच, आणि पीक मुख्यतः उत्तर प्रदेशातलं.

कारखान्यातही मेंथॉल बनतं. आठ शक्य रचनांपैकी नेमकी गारवा देणारी एकच रचना कशी साधायची, ही खरी मेख होती. जपानच्या ताकासागो कंपनीने ती ज्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने सोडवली, त्यामागचं संशोधन र्‍योजी नोयोरी यांचं. त्यांना २००१ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. फलकावर एवढं मावणार नाही, पण नोंदवहीला मर्यादा नाही.

१८ मार्च

गारवा आणि नाक. हे दोन फलक मी एकत्र केले.

मेंथॉल कशालाही थंड करत नाही. मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीएमएट नावाचं एक प्रथिन असतं. तापमान साधारण २६ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की ते उघडतं आणि मेंदूला ‘गार’ असा निरोप जातो. मेंथॉल तेच दार, तापमान न उतरताही, उघडतं. २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांच्या प्रयोगशाळांनी हे प्रथिन स्वतंत्रपणे शोधलं. तापमान आणि स्पर्श यांच्या संवेदकांवरच्या कामासाठी दोघांना २०२१चं नोबेल मिळालं.

आता नाक. कार्डिफच्या रॉन एकल्स यांनी १९८०च्या दशकात मेंथॉल हुंगवून नाकातून हवा जाताना होणारा अवरोध मोजला. अवरोध होता तेवढाच राहिला. लोकांना मात्र नाक मोकळं झाल्यासारखं वाटलं. सूज उतरत नाही, हवा थंड लागते म्हणून जास्त आल्याचा भास होतो. मॅडमना मी विचारलं, मग याला फायदा म्हणायचं की नाही? त्या म्हणाल्या, "रात्री झोप लागत नसेल तर तो भासही कामाचा. पण ‘नाक उघडतं’ असं लिहू नका. ‘उघडल्यासारखं वाटतं’ लिहा."

त्याच फलकावर ठळक अक्षरांत: तान्ह्या आणि दोन वर्षांखालच्या मुलांच्या नाकाशी, चेहऱ्यावर किंवा छातीवर मेंथॉल वा पुदिन्याचं तेल लावू नये. घशाचं द्वार आकसून श्वास अडकू शकतो. या ओळीसाठी शब्दमर्यादा मोडली तरी हरकत नाही, यावर दोघींचं एकमत.

२४ मार्च

पोटाचा फलक. इथे चारही रकाने भरले, तरी वाद इथेच सर्वांत जास्त झाला.

पेपरमिंट, तेल, आतड्यात जाऊनच विरघळणाऱ्या आवरणाची कॅप्सूल, बहुतेक चाचण्यांत ०.२ मिलीलिटर दिवसातून तीनदा. आजार इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे पोटात कळा, फुगारा, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, आणि तपासण्यांत काहीच सापडत नाही असा. आतड्याच्या भिंतीतल्या स्नायूपेशीत कॅल्शियम शिरलं की स्नायू आकसतो. मेंथॉल कॅल्शियमची ही वाट अडवतं, स्नायू सैल पडतो, कळ ओसरते. २०१४ साली नऊ चाचण्या आणि ७२६ रुग्णांची आकडेवारी एकत्र मांडली तेव्हा तेल घेणाऱ्यांना औषध नसलेल्या खोट्या कॅप्सूलपेक्षा स्पष्टपणे जास्त आराम दिसला. २०२१ साली अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीनेही आपल्या मार्गदर्शनात पेपरमिंट सुचवलं, पण पुरावा कमी प्रतीचा आहे असं स्वच्छ लिहून.

मला इथे थांबायचं होतं. मॅडमनी २०२०ची नेदरलँड्सची चाचणी पुढे ठेवली: १९० रुग्ण, आठ आठवडे. पोटदुखीची तीव्रता उतरली, पण चाचणीआधी यशाचा जो मुख्य निकष ठरवला होता त्यावर तेल आणि खोटी कॅप्सूल यांत फरक ठरला नाही. "ही चाचणी लपवून फलक लिहिला तर आपणही त्याच माळेचे मणी," त्या म्हणाल्या. शेवटी वाक्य असं ठरलं: ‘काही रुग्णांना काही आठवड्यांपुरता आराम मिळतो.’ छापायला फिकं, पण टिकणारं.

आवरण का लागतं, हा मला या सगळ्यातला सर्वांत बोलका मुद्दा वाटतो. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथेही स्नायूचं एक कडं असतं. तेल वरच सुटलं तर ते कडंही सैल पडतं, आम्ल वर येतं आणि छातीत जळजळ होते. म्हणजे गुण आणि दोष एकाच कारणाचे, फक्त जागा वेगळ्या. कॅप्सूलसोबत आम्लनाशक घेतलं तर आवरण आधीच विरघळायचा धोका असतो. ज्यांना मुळातच आम्ल वर येण्याचा त्रास आहे किंवा पित्तखडे आहेत त्यांनी स्वतःच्या मनाने तेल घेऊ नये, हेही फलकावर.

आणि चहा? पानांच्या चहात तेल थोडंसंच उतरतं, शिवाय त्यावर माणसांत झालेल्या चाचण्या फारच थोड्या. कॅप्सूलचे आकडे चहाच्या कपाला लावायचे नाहीत. गरम, सुवासिक, कॅफीन नसलेलं पेय म्हणून खुशाल प्यावा.

जपानमध्ये जठराच्या दुर्बीण-तपासणीत मेंथॉलचं द्रावण थेट जठराच्या भिंतीवर फवारतात; हालचाल मंदावते आणि डॉक्टरांना नीट पाहता येतं. दर्शकांना हे नक्की आवडेल.

२९ मार्च

डोकेदुखी: १९९६चा जर्मन प्रयोग, ४१ रुग्ण, तणावामुळे होणाऱ्या डोकेदुखीचे १६४ प्रसंग. अल्कोहोलमधलं १० टक्के पेपरमिंट तेल कपाळाला आणि कानशिलांना लावलं, आणि १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलशी तुलना केली. दोन्हींच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. रकाने भरले. अर्धशिशी वेगळी, तिला हे आकडे लागू नाहीत.

मळमळ: शस्त्रक्रियेनंतरच्या ३३ रुग्णांना कुणाला पेपरमिंट तेल, कुणाला अल्कोहोल, कुणाला नुसतं मिठाचं पाणी हुंगवलं. मळमळ तिन्ही गटांत उतरली! बहुधा सावकाश, खोल श्वासाचाच तो गुण. काट.

वजन आणि बुद्धी: काट. चर्चाही केली नाही.

४ एप्रिल

लोह. पुदिन्याला ‘लोहाचा खजिना’ म्हणणारे १०० ग्रॅम पानांचा आकडा देतात, आणि तो खरा आहे: ताज्या पेपरमिंटमध्ये सुमारे ५ मिलिग्रॅम. पण १०० ग्रॅम पुदिना एका बैठकीत खातं कोण? मी काट्यावर खुडलेली पानं ठेवली. अंगठा-बोटात धरून खुडलेला झुपका जेमतेम ३ ग्रॅम भरला. त्यातलं लोह ०.१५ मिलिग्रॅम. प्रौढ स्त्रीची रोजची गरज अमेरिकी शिफारशीप्रमाणे १८ मिलिग्रॅम.

त्यावर कडी म्हणजे १९९९चा अभ्यास. जेवणासोबत पेपरमिंटचा चहा घेतला तर वनस्पतिजन्य लोहाचं शोषण ८४ टक्क्यांनी घटलं. पानातली पॉलिफेनॉल द्रव्यं लोहाला बांधून ठेवतात. म्हणजे ज्या झाडाला लोह वाढवण्याचं श्रेय देतात त्याचाच चहा, चुकीच्या वेळी, ते अडवतो. फलकावर: रक्त कमी असेल तर पुदिन्याचा चहा जेवणासोबत नको, दोन जेवणांच्या मधल्या वेळेत घ्या.

९ एप्रिल

स्पिअरमिंटच्या फलकाला औषधी मजकूर कमी पडत होता. तिथे चहावर झालेलं एक काम सापडलं. पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड, असलेल्या ४२ स्त्रियांत निम्म्यांना महिनाभर रोज दोनदा स्पिअरमिंटचा चहा, निम्म्यांना दुसरा वनस्पती-चहा. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक उतरलं. पण चेहऱ्यावरच्या केसांची तपासनीसांनी केलेली मोजदाद महिन्याभरात बदलली नाही. केसांची वाढ एवढ्या थोड्या काळात बदलत नसते. ‘आशादायक, पण छोटं’ असा शेरा मारून घेतलं.

दुर्गंधीचा दावाही पानाच्याच पदरात पडला. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगात लसूण खाल्ल्यावर कच्ची पुदिन्याची पानं चावली तेव्हा श्वासातली गंधकयुक्त द्रव्यं कमी झाली. इथे तेलाचा सुवास वास नुसता झाकत नाही. पानातली फिनॉल द्रव्यं त्या गंधकाशी भिडतात.

१५ एप्रिल

पेनिरॉयल. आज निर्णय लागला: कुंडी नको.

दिसायला बिचारं, जमिनीलगत पसरणारं, जांभळट फुलांचे गुच्छ. पण तेलात मुख्य घटक पुलेगोन; यकृतात गेल्यावर त्याचं मेंथोफ्युरान आणि पुढे त्याहून घातक द्रव्यं होतात, आणि यकृतच निकामी होतं. गर्भ पाडण्यासाठी म्हणून हे तेल घेतलेल्या स्त्रिया दगावल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. थोड्याशा तेलानेही जीव जाऊ शकतो. एल्युसिसच्या पेयातली चार पानं वेगळी आणि बाटलीतलं तेल वेगळं, हे खरं. पण बागेत येणारा माणूस पान खुडून तोंडात टाकतो, हे आम्ही रोज बघतो.

मी कुंडी काचेआड ठेवायचं सुचवलं होतं. काकांनी विरोध केला. "ताई, पुदिना आहे तो. काचेखालून सकर बाहेर काढेल आणि शेजारच्या कुंडीत जाऊन बसेल. मग कोणतं कोणाचं हे तुम्हाला भिंगातूनही कळायचं नाही." मुद्दा बिनतोड. पेनिरॉयलचा फक्त चित्रासह फलक राहील.

२२ एप्रिल

रिकाम्या झालेल्या जागी काकांनी मेंथा लॉन्गिफोलिया आणली: लांबट, राखाडी, लवदार पानं. तिच्यामुळे मांडणीच बदलली. स्पिअरमिंट स्वतः लॉन्गिफोलिया आणि अ‍ॅपलमिंट यांचा संकर मानतात. म्हणजे मागच्या रांगेत आजी-आजोबा, मधल्या रांगेत स्पिअरमिंट आणि वॉटरमिंट, पुढे पेपरमिंट. तीन पिढ्या पाच कुंड्यांत. जपानी पुदिना बाजूला, मेंथॉलच्या फलकाखाली. रांगांमध्ये हातभर अंतर आणि प्रत्येक कुंडीखाली बशी, म्हणजे सकरना पळायला वाट नाही.

स्पिअरमिंटच्या तीन पानांमागे तांबेऱ्याचे नारिंगी फोड दिसले. काकांनी फांद्या बुडापासून कापून बागेबाहेर नेल्या, पाणी पानांवर न घालता बुडाशी घालायला सांगितलं. नवे फुटवे येतील तेव्हाच ती कुंडी पुढे ठेवायची.

२ मे

सगळे फलक छपाईला गेले. सुरुवातीच्या यादीतले पोट, डोकेदुखी, नाक (‘वाटतं’ या शब्दासह), श्वास आणि स्पिअरमिंटचा छोटा प्रयोग एवढे दावे तगले. प्रत्येक फलकाच्या डोक्यावर झाडाचं पूर्ण नाव आणि त्याखाली ‘पान’, ‘चहा’ किंवा ‘तेल’ यांपैकी एक शिक्का. तेलाच्या शिक्क्याला लाल चौकट, आणि चौकटीत एकच ओळ: थेट बाटलीतून पिण्यासाठी नाही.

छपाईचा नमुना आला की मॅडमनी लहान मुलांच्या इशाऱ्याचा अक्षर-आकार तपासायचा आहे. माझ्या मते तो अजून दोन पायऱ्या मोठा हवा. काकांकडे पेपरमिंटच्या जादा काड्या मुळावल्या आहेत. पेपरमिंटची एक कुंडी दर वर्षी उपटून, सकर तोडून, नव्या मातीत लावायची, हे देखभालीच्या तक्त्यात लिहिलं.